बघून उघडा

"दिसल्याच नाहीत हो मॅडम तुम्ही!"

माझ्या सायकलचं पुढचं चाक अजून फिरत होतं आणि तो गृहस्थ कारचा अर्धवट उघडलेला दरवाजा धरून हे म्हणत होता. २०१४ चा ऑक्टोबर, सकाळचे साडेनऊ, पुण्यातला कर्वे रोड, लख्ख ऊन. माझ्या अंगात फ्लुरोसंट पिवळं जॅकेट, डोक्यावर लाल हेल्मेट, सीटखाली लुकलुकणारा लाईट. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीचा दरवाजा त्याने आरशात न बघता खाडकन उघडला, त्याची कड माझ्या हँडलला लागली आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. मागच्या बसवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितेय. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात.

तो माणूस वाईट नव्हता. त्यानेच पाणी आणलं, सायकल उचलून कडेला लावली, रिक्षा थांबवली, आणि सगळा वेळ तेच एक वाक्य, दिसल्याच नाहीत, खरंच दिसल्या नाहीत. मला ते खोटं वाटलं नाही. आरशात डोकावायची वेळ आली तरी त्याची नजर कार शोधत असणार, बस शोधत असणार, फार तर बाईक. सायकल त्या यादीतच नव्हती.

पण त्याच्या आदल्याच आठवड्यात, त्याच रस्त्यावर, त्याच पिवळ्या जॅकेटमध्ये असताना नळस्टॉपपासून डेक्कनपर्यंत बाईकवरची दोन पोरं माझ्या शॉर्ट्सबद्दल काहीबाही बोलत मागे मागे येत होती. त्यांना मी दिसत होते. सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्याला दिसत होते, बसच्या खिडकीतल्या काकांना दिसत होते, गुडघ्यापासून खाली तर सगळ्यांनाच दिसत होते. बाई म्हणून मी रस्त्याला नको इतकी दिसते आणि सायकलवाली म्हणून अजिबात दिसत नाही, हे मला सहा आठवडे छताकडे बघत पडल्यावर नीट कळलं, आणि ते कळल्यावर जो संताप आला तो अजून पूर्ण गेलेला नाहीये.

तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली. आपण मराठीत "मला दिसला नाही" म्हणतो. वाक्यात काम करणारा कोण? समोरचा. तो दिसला नाही, म्हणजे दिसायचं काम त्याचं होतं आणि त्याने ते केलं नाही. बघणाऱ्याचा त्यात काही संबंधच नाही, तो बिचारा नुसता "मला" होऊन बसलाय. "मी बघितलं नाही" असं कुणी म्हणत नाही. मी तरी अपघातानंतर कुणाला असं म्हणताना ऐकलेलं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊनच मी २०१६ मध्ये कंपनीच्या कामाने लंडनला गेले.

२०१८ च्या जूनमधला शनिवार. वेस्टमिन्स्टर ब्रिजवर मी फुटपाथवर उभी होते, पुण्याहून आलेल्या एका मैत्रिणीला पार्लमेंट दाखवायला नेलं होतं. आधी शिट्ट्या ऐकू आल्या, मग सायकलच्या घंट्या, एकदोन नाही, शेकडो, आणि मग पुलाच्या त्या टोकाकडून सायकली यायला लागल्या आणि त्यांच्यावर माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगावर कपडे नव्हते. मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघी काही बोललोच नाही काही वेळ.

मला वाटलं होतं (म्हणजे नंतर विचार केल्यावर कळलं की मला असंच वाटलं असतं) की हे सगळे तरुण, देखणे, शरीर दाखवायची हौस असलेले लोक असतील. तसं काही नव्हतं. सत्तरीचे आजोबा होते, पोट सुटलेलं, छातीवर बायपासचा उभा व्रण. दोन लहान मुलांच्या आया वाटतील अशा बायका होत्या. एक जण हाताने चालवायच्या सायकलवर होता. कुणी अंगभर निळा रंग फासलेला, कुणी नुसती टोपी घातलेली, कुणी पूर्ण कपड्यात. पुरुष खूप जास्त, बायका कमी, हे मला तेव्हाच जाणवलं. त्या आजोबांच्या पाठीवर काळ्या रंगात इंग्रजीत लिहिलं होतं, आता तरी दिसतोय का मी?

ते वाचलं आणि माझा हात आपोआप खांद्यावर गेला, जिथे हाड जुळल्यावर एक छोटा उंचवटा राहिलाय तिथे.

वर्ल्ड नेकेड बाईक राईड म्हणतात त्याला. घरी आल्यावर त्या रात्री मी जेवढं मिळेल तेवढं वाचून काढलं. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कॉनराड श्मिट यांच्या डोक्यात २००३ मध्ये ही कल्पना आली. तिथे आधी युद्धविरोधी आंदोलनात लोकांनी विवस्त्र होऊन शांतीची मानवी चिन्हं केली होती, त्यातून पुढे ही सायकलची कल्पना निघाली. पहिली जागतिक राईड १२ जून २००४ ला झाली, १० देशांतल्या २८ शहरांत. पण त्याच्याही आधी, २००१ मध्ये, स्पेनमधल्या सारागोसा शहरात सायकलवाले असेच कपडे काढून रस्त्यावर उतरले होते. त्यांची घोषणा होती, ट्रॅफिकपुढे आम्ही नागडे. मला ही घोषणा सगळ्यात जास्त आवडते, कारण त्यात काही नवीन सांगितलेलं नाहीये, जे रोजचं आहे तेच फक्त डोळ्यांना दाखवलंय. दीड टन लोखंडाच्या शेजारून जाताना माझ्या अंगात जॅकेट आहे का नाही याने काय फरक पडतो? मी तशीही नागडीच असते.

आता शंभरच्या आसपास किंवा जास्त शहरांत कधी ना कधी अशा राईड झाल्यात. उत्तरेकडच्या देशांत जूनच्या आसपास, दक्षिणेकडे मार्चमध्ये, म्हणजे जिथे जसा उन्हाळा. मेक्सिको सिटीत होते, साओ पावलोत होते, केप टाऊनला, मेलबर्नला होते. अमेरिकेत ओरेगॉनमधलं पोर्टलँड हे तर याचं माहेरघरच झालंय, तिथे काही वर्षी दहा हजारांच्या आसपास लोक आलेत, आणि २०१३ मध्ये तिथल्या आर्ट म्युझियममध्ये सायकलींच्या डिझाईनचं प्रदर्शन होतं तेव्हा राईडला आलेल्यांना म्युझियमने तिकीट लावलं अंगावरच्या प्रत्येक कपड्यामागे एक डॉलर. त्याच शहरात २००८ मध्ये विवस्त्र सायकल चालवल्याबद्दल पकडलेल्या एकाला कोर्टाने सोडलं, न्यायाधीश म्हणाले की या शहरात निषेध म्हणून असं सायकल चालवण्याची परंपरा आता रुजलेली आहे. चार वर्षांत परंपरा! आपल्याकडे कुठल्या गोष्टीला परंपरा म्हणायला किती पिढ्या लागतात.

लंडनच्या राईडचा नियम असा की जेवढी हिंमत तेवढे कपडे काढा, सक्ती कुणावरच नाही. शहरात वेगवेगळ्या ठिकाणांहून गट निघतात, टॉवर हिलवरून, क्लॅपहॅम जंक्शनवरून, क्यू ब्रिजवरून, आणि मध्ये कुठेतरी एकमेकांना मिळतात आणि हाईड पार्क कॉर्नरच्या वेलिंग्टन आर्चपाशी संपतात. कायद्याचा प्रश्न पहिला डोक्यात येतो ना, माझ्याही आला. इंग्लंडमध्ये नुसतं विवस्त्र असणं हा गुन्हा नाही, समोरच्याला भीती किंवा त्रास व्हावा अशा हेतूने कुणी गुप्तांग दाखवलं तर २००३ च्या कायद्याखाली गुन्हा होतो. म्हणजे सगळा भर हेतूवर. पोलीस राईडबरोबर असतात, त्यांच्या आणि संयोजकांच्या रस्त्याबद्दल आधी बैठका झालेल्या असतात.

आपल्याकडे हे शक्य नाही, आणि ते मी तक्रार म्हणून म्हणत नाहीये. २०२० मध्ये मिलिंद सोमण ५५ वा वाढदिवस म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावला, फोटो टाकला, तर गोवा पोलिसांनी अश्लीलतेचं कलम लावून गुन्हा नोंदवला, सगळ्यांना आठवत असेल. पण दुसरीकडे नाशिकच्या कुंभमेळ्यात नागा साधूंच्या शाही मिरवणुकीला आपले पोलीस बंदोबस्त देतात, आयाबाया लेकरं घेऊन दर्शनाला उभ्या असतात. दिगंबर जैन मुनी महामार्गाच्या कडेने शेकडो किलोमीटर पायी विहार करतात आणि लोक हात जोडतात. दिगंबर, म्हणजे दिशा हेच ज्याचं वस्त्र. म्हणजे उघडं शरीर आपल्याला नवीन नाहीये, फक्त ते कुणाचं आणि कशासाठी यावर आपण ठरवतो की हात जोडायचे, दगड मारायचे का फोटो काढायचा. (आणि एक सांगायलाच हवं, या मुनींना, साध्वींना पहाटेच्या अंधारात महामार्गावर वाहनांनी उडवल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यांना संरक्षण द्यायला आपल्या बहुतेक रस्त्यांवर बाजूला पायवाटही नाही. तिथेही ड्रायव्हर काय म्हणत असेल ते मला ऐकू येतं.)

आणि आपल्या भाषेत तर ही सगळी गंमत आधीच बसलेली आहे. नागवणं म्हणजे लुटणं. "दलालाने नागवलं त्याला" म्हणतो आपण. उघड्यावर पडणं म्हणजे आधार जाणं. घर गेलं की माणूस उघड्यावर येतो, रस्त्यावर येतो. मग रोज रस्त्यावर असणारा, उघड्यावर असणारा माणूस कोण? पायी चालणारा, सायकलवाला, हातगाडीवाला. जगभरात रस्ते अपघातात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पायी चालणारी, सायकलवरची आणि मोटरसायकलवरची, म्हणजे पत्र्याच्या बाहेरची माणसं. एकट्या भारतात २०२२ मध्ये १ लाख ६८ हजार ४९१. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. शेवटचा तो ४९१ मला जास्त त्रास देतो, कारण तिथे माणसं मोजल्यासारखी वाटतात.

मला एक गोष्ट मात्र मनात फार दिवस खुपत होती. २००४ च्या जूनमध्ये जगात पहिली राईड झाली आणि साधारण एका महिन्याने, १५ जुलैला, इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर मणिपूरच्या १२ बायका विवस्त्र उभ्या राहिल्या. आसाम रायफल्सच्या जवानांनी रात्री घरातून उचलून नेलेल्या थांगजाम मनोरमाचा मृतदेह सापडून चारच दिवस झाले होते. आसाम रायफल्सच्या दारात, घरादारातल्या, नातवंडं असलेल्या बायका. त्या फोटोकडे मी आजही दोन सेकंदांच्या वर बघू शकत नाही. या दोन गोष्टी एका ओळीत लिहायच्या का नाहीत यावर मी बरेच दिवस घालवलेत. तुलना करायची नाहीच, तिकडे त्या बायकांच्या हातात दुसरं काही उरलेलं नव्हतं आणि इकडे पोलीस आमच्यासाठी चौक अडवून धरणार. पण त्या फोटोने मला हे शिकवलं की उघडं शरीर कधीकधी बघणाऱ्याला लाज आणतं. उघड्या होणारीला नाही, बघणाऱ्याला. ते कळल्याशिवाय मी पुढच्या वर्षी गेले नसते.

पुढच्या वर्षी मी गेले.

त्याच्या आधी अर्थातच महिनाभर स्वतःशी भांडण. याने होतं काय नक्की? पेपरवाले फोटो छापतात आणि खाली सायकलबद्दल एक ओळ. फुटपाथवरचे लोक हसतात, मोबाईल काढतात. हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यावर सुमारे ३३०० लोक मेले होते, त्यात चारशेहून जास्त मुलं, आणि तिथल्या आईबापांनी मुलांचे खून थांबवा अशी चळवळ उभी केली, रस्ते अडवले, रस्त्यात आडवे पडले, आणि त्यातून पुढे त्या देशाचे सायकल रस्ते झाले. कुणी कपडे काढले नव्हते. खुद्द लंडनमध्ये २०१३ च्या नोव्हेंबरात दोन आठवड्यांत सहा सायकलस्वार मेले तेव्हा शेकडो लोक थंडीत वाहतूक खात्याच्या ऑफिससमोर सायकली शेजारी टाकून रस्त्यावर झोपले होते. तेव्हा जे मरत होते त्यांच्यात लॉरीखाली येणारे बरेच असायचे, आणि लॉरीवाले काय सांगायचे, तेच, दिसला नाही. पण तिथे पुढे कुणीतरी हा प्रश्न खरंच विचारला की मग का दिसला नाही? केबिन एवढी उंच आणि खिडकी एवढी लहान कुणी बनवली? २०२१ पासून लंडनमध्ये १२ टनाच्या वरच्या ट्रकला परवाना घ्यावा लागतो, आणि ड्रायव्हरला सीटवर बसून, आरशाशिवाय, थेट डोळ्यांनी बाहेरचं किती दिसतं यावर ट्रकला शून्य ते पाच तारे मिळतात. हे वाचलं तेव्हा मी खरंच रडले होते. बघायची जबाबदारी पहिल्यांदा कुणीतरी बघणाऱ्यावर टाकली होती.

२०२२ च्या जानेवारीत तर ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत असंही आलं की कारचा दरवाजा लांबच्या हाताने उघडा. म्हणजे आपल्यासारखी उजवीकडे स्टिअरिंग असलेली गाडी असेल तर उजवीकडचा दरवाजा डाव्या हाताने. तसं केलं की अंग आपोआप वळतं, मान वळते, आणि मागून येणारी सायकल दिसते. एवढंसं. खर्च शून्य. करून बघा, आज ऑफिसला पोचल्यावर गाडीतून उतरताना एकदा डावा हात वापरून बघा, खांदा कसा वळतो ते कळेल. माझं कॉलरबोन तेवढ्या वळण्यावर होतं.

तर मग कपडे काढायची काय गरज? माझं उत्तर मला राईडमध्येच मिळालं, ते सांगते.

२०१९ चा जून. टॉवर हिलजवळच्या हिरवळीवर आम्ही जमलो, वारा चांगलाच गार होता. मी सायकलिंग शॉर्ट्स आणि पाठ पूर्ण मोकळी असलेला स्विमसूट अशी गेले होते. तेवढीच माझी हिंमत, आणि तिथे कुणी कमीजास्त विचारलं नाही. गवतावर रंगांचे डबे मांडून काही लोक एकमेकांची अंगं रंगवत बसले होते. साठीच्या एका इंग्लिश बाईंनी मला विचारलं काय लिहू. मी आदल्या रात्री कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं होतं, तो कागद त्यांच्या हातात दिला. बघून उघडा.

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि ब्रश बुडवला. पहिला टेकवला तेव्हा अंगावर काटा आला, इतका गार. त्या चित्र काढल्यासारखी एकेक अक्षर काढत होत्या, ब चं पोट, घ ची वळणं, मला पाठीवर कळत होतं कुठलं अक्षर चाललंय ते, लहानपणी आम्ही बहिणी पाठीवर बोटाने अक्षरं काढून ओळखायचा खेळ खेळायचो तसं. डा चा काना झाला, मला वाटलं संपलं. त्या थांबल्या. कागदाकडे बघून म्हणाल्या, ही वरची रेघ पण हवी ना? आधी काढायची असते का ही? मी म्हटलं नाही, नंतरच काढतात. मग त्यांनी ब्रश भरून घेतला आणि डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत दोनदा उचलून दोन शब्दांवर दोन रेघा ओढल्या. दुसरी रेघ त्या उंचवट्याच्या जवळ जाऊन थांबली. त्यांनी विचारलं, इथे काय झालं होतं? मी सांगितलं. त्यांनी स्वतःचं मनगट दाखवलं, पट्टी घातलेलं, आणि म्हणाल्या, दरवाजाच.

आणि मग आम्ही निघालो.

राईडचा वेग फार हळू असतो, जेमतेम पायडल मारायचं, कारण पुढे मागे माणसंच माणसं. आणि रस्ता काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. एरवी मी लंडनमध्येही कडेला चिकटून, गटाराच्या जाळ्या चुकवत चालवायचे, मागून इंजिनचा आवाज आला की पाठ ताठ व्हायची. त्या दिवशी पाठ उघडी होती आणि सैल होती. बसवाल्यांनी इंजिन बंद केलेली. टॅक्सीवाले काच खाली करून बघत होते, आणि बघताना ते गाडीकडे बघतात तसं बघत नव्हते, माणसाकडे बघतात तसं बघत होते. एकाने माझ्याकडे बघून नजर खाली वळवली आणि मग परत वर करून हात केला. एका चौकात डिलिव्हरीची मोठी व्हॅन आमच्यासाठी थांबली होती, ड्रायव्हर पोरगाच होता विशीतला, त्याने मान वळवून आमच्यातल्या प्रत्येकाला जाऊ दिलं, अक्षरशः प्रत्येकाला डोळ्यांनी मोजत. हेल्मेट, जॅकेट, लाईट, पट्ट्या, सगळं वर्षानुवर्षं लावून जे झालं नव्हतं ते उघड्या कातडीने झालं. कपड्यातला सायकलवाला म्हणजे रस्त्यातला अडथळा. कपडे नसले की तो मऊ होतो. त्याला लागेल हे दिसतं. बघणाऱ्याच्या पोटात काहीतरी होतं, कारण तसंच शरीर त्याच्याही कपड्याखाली आहे.

फुटपाथवरून आचरट बोलणारे होते, नव्हते असं नाही. न विचारता फोटो काढणारेही. पण कर्वे रोडवर दोघं मागे लागली होती तेव्हा मी एकटी होते आणि गप्प होते. इथे माझ्या पुढची बाई थांबली आणि एकाला मोठ्याने म्हणाली, मोबाईल खाली कर. त्याने केला.

धुराबद्दल लिहायचं राहतंय. राईडचा मूळ विषय तोच होता खरं तर, तेलावर चालणारं जग आणि त्याचा धूर. दक्षिण लंडनमध्ये एला अडू-किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती, वाहत्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहायची, दम्याने २०१३ मध्ये गेली. तिची आई लढत राहिली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, हवेचं प्रदूषण हेही तिच्या मृत्यूचं कारण म्हणून नोंदवलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच झालं. हे वाचताना मला पुण्यातल्या आपल्या मुली आठवतात, स्कूटीवर तोंडाला, डोक्याला, मानेला स्कार्फ गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवणाऱ्या, हातात कोपरापर्यंत मोजे, वरून सनकोट. मीही कॉलेजला तशीच जायचे. बाहेरगावचे लोक विचारतात हे काय, तर काय सांगणार, ऊन आणि धूर. संध्याकाळी स्कार्फ धुवायला टाकला की बादलीतलं पाणी काळं व्हायचं, नाकापाशी यायचा तेवढा तर कापडावर वेगळा गोल दिसायचा. इकडे धुरासाठी माणसं सगळे कपडे काढतात आणि तिकडे धुरासाठी आम्ही डोळे सोडून सगळं झाकलं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे हे मी फक्त ऐकलंय. आमच्या वाट्याला स्कार्फ आला.

आईला मी राईडबद्दल लगेच सांगितलं नव्हतं. आईला काय वाटेल याची भीती, आणि भीतीपेक्षाही तिला समजावता येईल का ही शंका. त्या वर्षी दिवाळीला घरी आले तेव्हा दुपारी चकलीचं पीठ मळता मळता सांगून टाकलं. तिने हात थांबवला नाही. "कपडे काढून?" "हो गं." "तू पण?" मी सांगितलं मी काय घातलं होतं ते. बराच वेळ नुसता पिठाचा आवाज.

मग ती जे बोलली ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. १९७४ मध्ये वाईला ती शाळेत शिक्षिका म्हणून लागली तेव्हा शाळा घरापासून लांब, तर आजोबांनी तिला लेडीज सायकल घेऊन दिली. पाचवारी साडी, पदर खोचलेला, निऱ्यांना मोठी सेफ्टी पिन, चेनकव्हर असूनही मनात धाकधूक. पहिले पंधरा दिवस आळीतले लोक वेळ धरून ओट्यावर येऊन बसायचे, बाई सायकलवरून जाते ते बघायला. "मला वाटायचं अंगावर काही घातलेलंच नाहीये," आई म्हणाली. "एवढी नऊ मीटर साडी, पोलकं, सगळं अंगभर, पण मारुतीच्या देवळापर्यंत जाईस्तोवर असं वाटायचं की नागडीच चाललेय मी सगळ्यांपुढून." मी म्हटलं मग? "मग काय. सोळाव्या दिवशी कुणी आलं नाही ओट्यावर. आणि पुढे तीनचार मुलींच्या बापांनी सायकली घेतल्या."

मी तिला पाचवारी साडी पाच मीटरच्या आसपास असते हेही म्हणाले नाही. तिला ती नऊ मीटर आठवते तर नऊच.

मग मी फोन काढून तिला फोटो दाखवला. त्या इंग्लिश बाईंनीच माझ्या फोनवर काढून दिलेला, मागून, चेहरा नाही, नुसती पाठ आणि तिच्यावर दोन शब्द, आणि मागे टॉवर ब्रिजचा एक तुकडा. आईने हात पदराला पुसले, चष्मा लावला, फोन लांब धरला. बघून उघडा, असं हळू वाचलं. परत एकदा वाचलं. तिचं बोट फोटोतल्या माझ्या उजव्या खांद्यापाशी, त्या उंचवट्यावर जाऊन थांबलं.

"रेघ छान सरळ ओढलीये गं त्या बाईने," ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, "पाठीला गार नाही वाजलं?"